एका खिडकीच्या चार फ्लॉप्या

वाचता येणे ही गोष्ट आपण फारच गृहीत धरून चालतो. पहिलीच्या वर्गात एकदा बाराखडी घोटली, की पुढे जन्मभर दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, विजेची बिले आणि वर्तमानपत्रांतले अग्रलेख आपोआप डोळ्यांतून मनात उतरत राहतात. मग आपली अशी समजूत होऊन बसते की, एखादी गोष्ट कुणीतरी लिहून ठेवली म्हणजे ती वाचली जाणारच. लिहिणाऱ्याचे काम संपले, पुढचे अक्षरे पाहून घेतील!

पण अक्षरे काही पाहून घेत नाहीत. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एका जुन्या मोडी पत्राची छायाप्रत फिरवते. मुले ती प्रथम उभी धरतात, मग आडवी धरतात, आणि शेवटी एखादा धीट मुलगा विचारतो, "मॅडम, ही कुठली भाषा?" बाबा रे, ही तुझीच भाषा आहे, असे सांगितले तर त्याला ते खरे वाटत नाही. आधी कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची, मग बोरू फारसा न उचलता तिला अक्षरे लटकावीत जायचे, ऱ्हस्वदीर्घाचे लाड करायचे नाहीत, शब्द कुठे संपला ते ज्याचे त्याने ओळखायचे, असा मोडीचा सगळा घाईचा, कारभारी संसार. बालबोध त्या मानाने शाळामास्तरांच्या वळणाची. एकेक शब्द सुटा, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा, सारे कसे निगुतीचे. आणि गंमत अशी की, मोडी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला बालबोध वाचता येई. नुसती बालबोध शिकलेल्या आपल्याला मात्र मोडी येत नाही. दोघे शेजारी, एकाला दुसऱ्याचे बोलणे समजते, दुसऱ्याला पहिल्याचे समजत नाही.

हा एकतर्फी शेजार मला अलीकडे अगदी भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला. तीस वर्षांपूर्वीच्या एका घरगुती संगणकाच्या पोटात!

त्याचे असे झाले. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, २००९ साली गेले. त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या एका डब्यात सात फ्लॉप्या निघाल्या. फ्लॉपी म्हणजे काय, हे आता घरातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. संगणकावर मजकूर जतन करण्याच्या बटणावर जे चौकोनी चित्र असते, ते या फ्लॉपीचे. साडेतीन इंचांचा प्लॅस्टिकचा चौकोन, वर सरकणारा पत्र्याचा पडदा, आणि आत तपकिरी रंगाची पातळ चुंबकीय चकती. सोनी कंपनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली त्यांची विक्री थांबवली, आणि चित्र तेवढे मागे राहिले.

सातांपैकी तीन फ्लॉप्यांवर काहीबाही इंग्रजी आद्याक्षरे होती. उरलेल्या चारांवर अण्णांच्या वळणदार हस्ताक्षरात 'रोजकीर्द १', 'रोजकीर्द २' असे चारपर्यंत आकडे. ते वाचले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या वाईच्या घरी पणजोबांच्या हातच्या मोडी चोपड्या होत्या. घरात रोज काय आले आणि काय गेले याचा पै-पैचा जमाखर्च. अण्णांना मोडी उत्तम येत असे. १९९३ आणि १९९४ अशी दोन वर्षे, कचेरी सुटल्यावर साहेबांच्या परवानगीने तासभर मागे थांबून, त्यांनी त्या चोपड्या बालबोधीत उतरवल्या आणि कचेरीतल्या संगणकावर टंकून ठेवल्या. त्या संगणकात सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड बसवलेले होते. त्याच्यामुळे साध्या डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. पुढे चोपड्यांना वाळवी लागली, नंतर वाईचे घरही विकले गेले. म्हणजे मूळ गेले होते, आणि नक्कल या चार फ्लॉप्यांत अडकली होती.

माझ्या मुलीने बाजारातून यूएसबीला जोडायचा नवा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. त्याने पहिल्या तीन फ्लॉप्या खडाखडा वाचल्या. त्यांत निघाले भविष्यनिर्वाह निधीचे तक्ते, कुंडली मांडण्याचा एक प्रोग्रॅम आणि सापाचा खेळ. रोजकीर्दीच्या चारांपैकी मात्र त्याला एकही वाचता येईना. दर खेपेस पडद्यावर नम्र प्रश्न येई, की ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का? म्हणजे, मला तुमचे वाचता येत नाही, तेव्हा सगळे पुसून टाकू का? अडाण्याचा हा आत्मविश्वास पाहून मी थक्क झाले.

भेद होता तो फ्लॉपीच्या कोपऱ्यात. प्रत्येक साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्याला लहानशी चौकोनी खिडकी असते आणि तिला सरकते दार असते. खिडकी उघडी ठेवली, की लिहिण्याची वाट बंद होते आणि फ्लॉपी फक्त वाचता येते. १.४४ मेगाबाइटच्या दाट फ्लॉपीला समोरच्या कोपऱ्यात आणखी एक भोक असते, त्याला दार नसते. अण्णांच्या त्या तीन फ्लॉप्यांना दोन भोके होती. या चार जुन्या पद्धतीच्या, विरळ लिहिलेल्या, ७२० किलोबाइटच्या. त्यांना एकच खिडकी. हल्लीच्या काही ड्राइव्हांना दाटच वाचता येते, विरळ वाचता येत नाही. हे मला सांगितले माझ्या आतेभावाने. त्याला आम्ही सगळी भावंडे दादा म्हणतो.

"अगं, मग माझ्याकडे घेऊन ये की," दादा फोनवर म्हणाला. "माझ्या म्हातारीला एकच खिडकी समजते."

ही म्हातारी म्हणजे अमिगा १२००. दादा शिक्षणासाठी इंग्लंडात होता, तेव्हा तिथून १९९३ साली तो ती घेऊन आला. इंग्लंडातल्याप्रमाणे आपल्याकडेही टीव्हीची पद्धत पालच, आणि विजेचा दाबही जवळजवळ तोच. त्यामुळे नुसती पिन बदलली आणि ती ठाण्याच्या घरात नांदू लागली. वहिनींनी तीस वर्षे तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल घालून ठेवला होता.

या यंत्राची कुळकथा थोडी सांगायला हवी. कमोडोर कंपनीने पहिली अमिगा १९८५ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे आणली. आयबीएमचा पीसी तेव्हा चार वर्षांचा होता आणि कचेऱ्यांतून रुबाबात बसलेला होता. तो कोट घातलेला हिशेबनीस, तर अमिगा घरातली हौशी मुलगी; चित्रे काढणारी, गाणारी, खेळणारी. जे मायनर या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तिच्या खास चिप घडल्या आणि त्यांना नावेही बायकांची ठेवली गेली. दादाच्या यंत्रात आहेत अ‍ॅलिस, लिसा आणि पॉला. पॉलाकडे दोन कामे आहेत: गाणे आणि फ्लॉपी वाचणे. स्वयंपाकघरात काम करता करता गुणगुणणारी बाई असते ना, तशी. पुढे १९९४ च्या एप्रिलमध्ये कंपनीचेच दिवाळे निघाले आणि ही हौशी मुलगी पोरकी झाली. जगभर कोट घातलेल्या हिशेबनिसाचे राज्य झाले.

आता मला सांगा, हिशेबनिसाने लिहिलेली फ्लॉपी या पोरक्या मुलीला वाचता यावी कशी? दोघांचे लिहिण्याचे वळण अगदी निराळे. फ्लॉपीची चकती मिनिटाला तीनशे फेरे घेते. तिच्यावर एकात एक अशी ऐंशी रिंगणे असतात, आणि ती दोन्ही बाजूंना. रिंगणांचे खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणात पाचशे बारा अक्षरे मावतात. पीसी एका रिंगणात नऊ खण पाडतो. तो एकेक खण सुटा लिहितो, त्यामुळे दोन खणांमध्ये मोकळी जागा सोडतो. न जाणो, मोटार किंचित हळू-जलद झाली तर शेजारच्या खणावर शाई सांडायला नको! अमिगा तसे करत नाही. ती सगळे रिंगण एका दमात लिहिते, खणाला खण लावून, हात न उचलता. जागा वाचते, आणि तेवढ्याच रिंगणात तिचे अकरा खण मावतात. म्हणून त्याच फ्लॉपीवर पीसी ७२० किलोबाइट लिहितो आणि अमिगा ८८०.

दादा हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, अरे, ही तर आपली मोडी आणि बालबोध!

पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती मला फार आवडली. खण सुरू होतो आहे हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून दोघेही आरंभी एक खूण करतात. ही खूण म्हणजे चुंबकाच्या कंपनांची अशी एक विशिष्ट रचना, की नेहमीच्या मजकुरात ती येऊच नये. यंत्राच्या अंकांत तिला चार-चार-आठ-नऊ म्हणतात. पीसी ती तीनदा लिहितो, अमिगा दोनदा. पण खूण तीच. आपल्याकडे मोडी लिहिणारा असो की बालबोध, कागदाच्या माथ्यावर दोघेही 'श्री' घालीत, तसेच हे. वळण वेगळे, श्रीकार एक.

आणि पॉलाचा स्वभाव असा की, ती श्रीकार दिसेपर्यंत थांबते आणि मग रिंगणावर जे काही असेल ते जसेच्या तसे उचलून स्मरणात ओतते. खण किती, मोकळी जागा कुठे, याबद्दल तिचा काहीच आग्रह नाही. अर्थ लावायचे काम पुढे प्रोग्रॅमचे. तेव्हा पीसीच्या वळणाचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम कुणी लिहिला, की झाले. तसा तो लिहिला गेला. त्याचे नाव क्रॉसडॉस. आधी तो वेगळा विकत मिळे. १९९२ पासून अमिगाबरोबरच येऊ लागला. उलट पीसीतली फ्लॉपी वाचणारी चिप मोठी कर्मठ. तिला स्वतःच्या पद्धतीचे मथळे आणि स्वतःच्या पद्धतीची मोकळी जागाच लागते. अमिगाची फ्लॉपी तिच्यापुढे ठेवली तर श्रीकारापुढे तिला एक अक्षर लागत नाही, आणि प्रोग्रॅम कितीही हुशार असला तरी चिपने वर काही दिलेच नाही, तर तो बिचारा वाचणार काय?

एकूण काय, लहान यंत्राला मोठ्याची लिपी येत होती. मोठ्याला लहानाची येत नव्हती. हे जगात सगळीकडेच दिसते. भाडेकरूला घरमालकाचा स्वभाव पाठ असतो, सुनेला सासूच्या आवडीनिवडी ठाऊक असतात, आणि आपण सगळे इंग्रजी शिकतो. ज्याचे राज्य असते त्याला शेजाऱ्याची लिपी शिकायची निकड भासत नाही. पण काळ उलटला म्हणजे या शिकण्याचे मोल कळते. राज्य करणाऱ्या त्या पीसीच्या आजच्या वंशजांना अण्णांची फ्लॉपी वाचता आली नव्हती, आणि दिवाळे निघालेल्या घरची ही म्हातारी ती वाचायला बसली होती.

दादाने आधी चारही फ्लॉप्यांच्या खिडक्या उघड्या आहेत ना ते पाहिले, म्हणजे चुकूनही काही लिहिले जायला नको. मग पत्र्याचा पडदा सरकवून, चकती बोटाने फिरवीत, तिच्यावर बुरशी आली आहे का ते उजेडात पाहिले. लोणच्याच्या बरणीत डोकावावे तितक्या काळजीने. वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढे माझ्या साड्यांना जपा कधी!" यंत्र सुरू झाले. फ्लॉपीवाचून अमिगा दर दोन क्षणांनी टक्-टक् असा आवाज करत असते, दारावर कुणी आले का ते पाहिल्यासारखा. 'रोजकीर्द १' आत गेली आणि टकटक थांबून घरघर सुरू झाली. पडद्यावर त्या एकाच फ्लॉपीची दोन चित्रे उमटली. एकाखाली चार प्रश्नचिन्हे होती. म्हणजे, माझ्या लिपीत पाहायला गेले तर मला हे काही कळत नाही. दुसऱ्याखाली फ्लॉपीचे नाव होते. म्हणजे, त्यांच्या लिपीत मात्र कळते आहे. हा प्रामाणिकपणा मला भावला. पुसून टाकू का, असे तिने एकदाही विचारले नाही.

आत फाइली होत्या. 'कीर्द' हा शब्द चार इंग्रजी अक्षरांत आणि पुढे १९१७, १९१८ अशी सालेे. बरोबर आठ अक्षरे, कारण डॉसला नावात नवव्या अक्षराचे वावडे. दादाने १९१७ ची फाइल उघडली, आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे पडले.

पडदाभर युरोपातली सगळी अक्षरे सांडलेली होती. टोप्या घातलेली, डोळे वटारलेली, शेपट्या असलेली. मधूनमधून साधे इंग्रजी अंक तेवढे ओळखू येत. तपकिरी चकतीवरून मजकूर सुखरूप वर आला होता, खणांचे कुलूप उघडले होते. पण आत आणखी एक कुलूप होते.

"मामा, फाइल बिघडलीय का?" मुलीने विचारले.

"बिघडलेली नाही," दादा म्हणाला. "बिघडलेली असती तर एवढी नीटनेटकी दिसली नसती. ओळी बघ कशा बरोबर संपताहेत."

आता माझ्या धंद्यातली गोष्ट आली. अनोळखी हाताचे मोडी वाचताना आम्ही सुरुवातीलाच सगळे वाचायला जात नाही. पुन्हा पुन्हा येणारा शब्द शोधतो. मी पाहू लागले. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात तीन चिन्हांचा एकच गट येत होता: डोक्यावर दोन टिंबे असलेला इंग्रजी 'ए', मग आइसलँडच्या भाषेतले एक पोटाळ अक्षर, मग डोक्यावर कडे ठेवलेला 'ए'. रोजच्या जमाखर्चात रोज येणारा शब्द कोणता? मीठ नव्हे, तेल नव्हे, तांदूळही नव्हे. मी म्हटले, "दूध तर नसेल?"

मुलीने त्या तीन चिन्हांचे यंत्रातले क्रमांक काढले: १९६, २२२, १९७. ती नुसतेच आकडे वाचत होती, पण मला एकदम घरचे कुणी भेटल्यासारखे झाले. पहिला आणि तिसरा क्रमांक शेजारी-शेजारी! आपल्या वर्णमालेत द आणि ध शेजारीच नाहीत का? मधला २२२ म्हणजे दीर्घ ऊकार. मग बोटे मोजली. क पासून द अठरावा. तेव्हा क चा क्रमांक १७९ असायला हवा. तसाच तो निघाला. क, ख, ग, घ ओळीने उभे होते, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग आपापल्या जागी. फक्त न आणि प यांच्यामध्ये एक परके घर लागले. ते तमिळसाठी राखलेल्या निराळ्या न चे, हे मागाहून कळले. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली जे मानक ठरवले, त्या इस्कीचा हा तक्ता होता. ज्यांनी तो आखला त्यांनी इंग्रजी कळफलकाच्या सोयीकडे न पाहता पाणिनीच्या देशातली वर्णमाला जशीच्या तशी मांडली, म्हणून तर बोटांवर मोजून कुलूप उघडले. पुढे आलेल्या युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. त्यामुळे अमिगाच्या डाव्या कुशीतल्या खाचेत दादाने बसवलेल्या स्मृतिपत्रावरून फाइली आमच्या संगणकात आल्या, तेव्हा मुलीने लिहिलेला तीस-चाळीस ओळींचा प्रोग्रॅम पुरेसा झाला. पडद्यावर मराठी उमटली. अण्णांची, आणि त्यांच्यामागे पणजोबांची.

जमाखर्चाच्या वहीत काय वाचायचे, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत होते. १९१७ च्या दिवाळीला साखर, रवा, खोबरे, तेल, मुलांसाठी फटाके चार आणे. घरात लहान मूल असावे, कारण त्या आधी पाळण्याच्या दोरीचे दीड आणा खर्ची पडले आहेत आणि तेव्हापासून दूध रोज दीड शेर. जुन्या पद्धतीप्रमाणे एकाच्या पुढे दोन दंड: दीड. पणजोबांनी तसे लिहिले होते, अण्णांनीही तसेच टंकले होते, आणि अमिगाच्या पडद्यावर त्या दोन दंडांच्या जागी टोपी घातलेले दोन 'ई' दिसत होते.

१९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात पसरली. इतिहासाच्या पुस्तकात ती एका परिच्छेदात येते. कीर्दीत ती अशी येते: सुंठ, मध, कोयनेल, वैद्य यांस रुपये दोन, पुन्हा वैद्य यांस रुपये दोन, आणि आश्विनातल्या एका मंगळवारपासून दूध एक शेर. पुढचे दोन दंड गेले. आणखी काही नाही. एक अवाक्षर नाही. त्या दिवाळीला पणत्यांचे तेल एवढाच खर्च आहे; रवा-साखर नाही, फटाके नाहीत.

त्या मुलाबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललेले मला आठवत नाही. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. घराण्याच्या वंशावळीत तो नाही. तो फक्त अर्ध्या शेर दुधात आहे.

अण्णांनी चारही फ्लॉप्यांत नकलकाराची शिस्त पाळली आहे. स्वतःचा शब्द कुठे घातलेला नाही. त्या मंगळवारच्या ओळीखाली मात्र चौकटी कंसात त्यांनी चार शब्द टंकले आहेत: 'येथून दूध एक शेर.' ही तर वरच्या ओळीचीच पुनरुक्ती. पण कचेरी रिकामी झाल्यावर, एकटे बसून, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे ते दोन दंड नाहीसे झालेले त्यांच्या ध्यानात आले होते, आणि पुढच्या वाचणाऱ्याने ते चुकवू नयेत असे त्यांना वाटले होते. आम्हाला ते कधी बोलले नाहीत. बोलण्यापेक्षा लिहिणे त्यांना सोपे जाई.

चौथ्या फ्लॉपीवर १९२२ च्या श्रावणात एक खण वाचताच आला नाही. अमिगा तिथे येऊन अडखळे, पुन्हा प्रयत्न करू का म्हणून विचारी, आणि आम्ही हो म्हणत असू. सतराव्या वेळी दादाने 'नको' म्हटले. हल्ली फ्लॉपीवरची नुसती चुंबकीय थरथर टिपून घेणारी लहानशी पाटी मिळते, तिने पाहू म्हणतो. पाहिले, तिलाही तिथे काही सापडले नाही. पाचशे बारा अक्षरे गेली. मोडी कागद छापताना संशोधक फाटलेल्या जागी टिंबे देतात, आपल्या मनाने शब्द भरत नाहीत. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे अस्सल कागदाला हात न लावण्याची ही शिकवण आहे. आम्हीही टिंबे दिली.

आता कीर्द कागदावर छापून, बांधून झाली आहे. सात प्रती काढल्या. एक दादाकडे, एक आत्याकडे, बाकीच्या भावंडांत वाटल्या. फ्लॉप्या मी टाकलेल्या नाहीत. वंशावळीत पणजोबांच्या मुलांच्या रांगेत एक चौकोन नव्याने काढला आहे आणि त्यात नावाच्या जागी टिंबेच आहेत.

यातून मला एवढेच उमगले की, लिहिलेले टिकते ते कागदाच्या किंवा चकतीच्या बळावर नव्हे. कागद वाळवी खाते, चकतीला बुरशी लागते, कंपन्यांची दिवाळी निघतात. लिहिलेले टिकते ते मधल्या माणसांच्या अगत्यावर. कुणी मोडी शिकून बालबोधीत उतरवतो, कुणी आपल्या यंत्राला शेजाऱ्याची लिपी शिकवतो, कुणी तक्ता आखताना क च्या पुढे ख ठेवतो. यांतल्या एकालाही माझ्या पणजोबांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तुम्हीही या दिवाळीला माळा आवराल, तेव्हा असा एखादा डबा निघाला तर टाकण्याआधी फ्लॉपीची भोके मोजा, आणि तुमच्याही नात्यात एखादा दादा असेल, त्याला फोन करा.

छापलेल्या कीर्दीच्या शेवटच्या पानावर मुलीने आग्रहाने एक तक्ता घातला आहे. क म्हणजे १७९, ख म्हणजे १८०, असा अगदी शेवटपर्यंत. मी म्हटले, "अगं, आता हे कशाला? मजकूर तर साध्या मराठीत छापला आहे."

ती म्हणाली, "असू दे गं आई. उद्या कुणाला त्या फ्लॉप्याच सापडल्या तर?"